वाल्दोबांचं मौन

वाल्देमार साहेब भेटले की माणसाची लवकर सुटका नसायची. लिफ्टमध्ये भेटोत नाहीतर खालच्या कोल्ड स्टोअरमध्ये दूध घेताना भेटोत, एकदा बोलायला लागले की तुमच्या हातातलं दूध नासलं तरी त्यांचं संपायचं नाही. आज वारा कुठून सुटलाय, काल स्वप्नात कोण आलं, पोलंडात त्यांच्या लहानपणी तळघरात बटाटे कसे साठवायचे, सगळं. दुकानातला यासीन मला बघितलं की म्हणायचा, "रत्नाबाई, आपका बुढ्ढा आया था. इतनी देर खडा रहा, लिया कुछ नहीं." मी म्हणायचे, "तेरे कान घिस गये क्या?" तो बिचारा हसायचा. बिल्डिंगमधले बाकीचे लोक मात्र साहेब लांबून येताना दिसले की मोबाईल कानाला लावायचे.

मला त्या लोकांचा राग यायचा. त्यांना काय ठाऊक, की हाच माणूस पूर्वी दिवसच्या दिवस तोंडातून शब्द काढत नसे. आणि न काढलेल्या एका शब्दापायीच हा आता असा बोलत सुटलाय.

आधी माझं सांगते, म्हणजे मधे अडखळायला नको. मी रत्ना, गाव संगमेश्वराच्या पुढे नदीकाठी. माझा नवरा खंडू बाहरीनला ड्रायव्हर म्हणून आला, त्याच्यामागून मी आले. तो गाडी चालवतो आणि मी अमवाजच्या फ्लॅटांमधून स्वयंपाक नि वरकाम करते. गोऱ्यांच्या घरी काम करायचं तर तोंड मिटून राहावं लागतं, असं मला पुष्कळ जणींनी सांगितलं होतं. ते मला जमलं नाही. मनात आलं की ओठांवर आलंच, मग समोर मॅडम असो की मॅडमची आई. दोन घरं मी त्यापायी घालवली. हालिनाबाईंचं घर सुटलं नाही, कारण त्यांना माझी बडबड आवडायची. म्हणायच्या, "टॉक, रत्ना. माय हाऊस इज टू क्वाएट." मला वाटलं, नवराबायकोचं पटत नसेल. तसं काही नव्हतं.

हालिनाबाई म्हणजे वाल्देमार साहेबांची बायको. रिफाला एका शाळेत गणित शिकवायच्या. व्हिसा त्यांचा, पगार त्यांचा, फ्लॅट शाळेने दिलेला, आणि साहेब त्यांच्या व्हिसावर आलेले. पन्नाशी ओलांडलेला धिप्पाड माणूस, पोट सुटलेलं, आणि गळ्यात बारा महिने मफलर. बाहरीनच्या उन्हाळ्यात मफलर, सांगा आता. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "साहेब, गळ्याला काय झालंय?" ते काही बोलले नाहीत. हालिनाबाईच हसून म्हणाल्या, की काही झालेलं नाही, आमचं सगळं सोनंनाणं त्या गळ्यात आहे, म्हणून झाकून ठेवतो.

साहेबांचं आडनाव मला आजतागायत म्हणता आलेलं नाही. मधली अक्षरं अशी आहेत की जिभेला गाठ बसते. घरी खंडूजवळ मी त्यांना वाल्दोबा म्हणायचे. एक खंडोबा नि एक वाल्दोबा, दोन्ही माझ्याच नशिबी. दोघांचंही इंग्रजी लंगडं, माझंही लंगडंच, त्यामुळे आमचं छान जमलं.

साहेब गवई होते. ऑपेराचे. ऑपेरा म्हणजे आपलं संगीत नाटकच समजा, फक्त त्यात बोलणं मफी, म्हणजे मुळीच नाही, भांडण असो की मरण, सगळं गाऊनच. आणि त्यात ज्याचा त्याचा आवाज ठरलेला असतो. उंच आवाजाचा असतो तो नायक, तो प्रेम करतो. अगदी खालच्या, खर्जाच्या आवाजाचा असतो तो राजा नाहीतर भटजी. मधल्या आवाजाला बॅरिटोन म्हणतात, आणि साहेब बॅरिटोन. साहेब म्हणायचे, "रत्ना, बॅरिटोनला नायिका कधीच मिळत नाही. बॅरिटोन बाप असतो, भाऊ असतो, जळणारा मित्र असतो. आणि त्याला पश्चात्ताप करायला मात्र भरपूर गाणी असतात."

त्यांची हकिगत मला त्यांनीच सांगितली, पण ती नंतर, बोलायला लागल्यावर, मी चपात्या लाटत असताना. बाप कोळशाच्या खाणीत होता. पोरगा चर्चमध्ये गायचा, तिथल्या पेटी वाजवणाऱ्या बाईंनी त्याचा आवाज ओळखला आणि बापाच्या मागे लागून त्याला गाण्याच्या शाळेत घातलं. पोरगा पहिला आला. मोठ्या शहरातल्या ऑपेरा थिएटरात नोकरी लागली. तिथे हे थिएटर म्हणजे सरकारी नोकरीसारखं, महिन्याचा पगार, पेन्शन. गावात पेढे वाटावेत तशी बापाने दारू वाटली.

आणि मग काय? मग काहीच नाही. त्या थिएटरात एक मोठा बॅरिटोन आधीपासून होता. लोक त्याच्या नावावर तिकिटं काढायचे. त्याच्यासाठी राखीव म्हणून साहेबांना नेमलं. राखीव गवयाचं काम असं, की मोठ्याची सगळी कामं तोंडपाठ करायची, प्रत्येक खेळाला तयार राहायचं, आणि तो आजारी पडला तर उभं राहायचं. तो माणूस कधी आजारी पडला नाही. साहेब म्हणायचे, "मी अख्खं तारुण्य दुसऱ्याला खोकला व्हावा म्हणून वाट बघण्यात घालवलं." हे सांगताना ते हसायचे, पण मला हसू येत नसे. एरवी त्यांना बारीकसारीक कामं मिळायची. दार उघडून निरोप सांगणारा शिपाई, लग्न लावणारा वकील, नाडी बघून मान हलवणारा वैद्य.

त्यांच्या मनात एकच काम होतं. एका ऑपेरात म्हातारा सरदार आहे. तो संशयाने बायकोला घराबाहेर काढतो, आणि शेवटच्या अंकात पश्चात्ताप होऊन तिला रानोमाळ हाका मारत फिरतो. नुसतं तिचं नाव. वेगवेगळ्या सुरात तिचंच नाव. ते काम साहेबांना स्वप्नातसुद्धा पाठ होतं. एकदाही मिळालं नाही.

आता मौनाचं सांगते. खेळाच्या दिवशी गवयाने बोलायचं नाही, असा तिकडे पुष्कळ जणांचा नेम असतो. आवाज राखून ठेवायचा, संध्याकाळी सगळा एकदम खर्चायचा. आपल्याकडे बाया सोमवारचा उपास जसा धरतात तसाच साहेब हा नेम धरायचे, आणि राखीव असले तरी धरायचे, कारण न जाणो, आजच तो आजारी पडला तर? म्हणजे वर्षानुवर्षं हा माणूस गायचा तर नाहीच, वर बोलायचाही नाही. त्यांची मुलगी एवा, ती आता तिकडे पोलंडातच नोकरी करते, ती पहिल्यांदा बोलली तो दिवसही खेळाचाच होता. "ताता" म्हणाली, म्हणजे बाबा. साहेबांनी उत्तरादाखल टाळ्या वाजवल्या. हे मला सांगितलं तेव्हा त्यांनी खरोखर टाळ्या वाजवून दाखवल्या, हळू, दोन बोटांनी. मी पोळपाटावरून नजर काढली नाही.

पुढे थिएटरात नवा मॅनेजर आला, त्याने जुने लोक कमी केले, त्यात साहेबही गेले. मग हालिनाबाईंनी बाहरीनची नोकरी धरली. इथे साहेब नाताळात चर्चमध्ये गायचे, कधी हॉटेलवाले त्यांना पार्टीत गायला बोलवायचे. लोक जेवताहेत, काटेचमचे वाजताहेत, आणि हा कोपऱ्यात उभा राहून गातोय. पण त्या पार्टीसाठीसुद्धा सकाळपासून मौन. त्या दिवशी तळलेलं नाही, आंबट नाही, आणि घशाला गार हवा बाधते म्हणून एसी बंद. जुलै महिन्यात एसी बंद! हालिनाबाई पोरांच्या वह्यांनी वारा घेत पेपर तपासायच्या आणि मी घामाने निथळत सूप करायचे. एकदा मी म्हटलंच, "मॅडम, तुमची ही सहनशक्ती आमच्या देवळात पूजेला ठेवली पाहिजे." त्या म्हणाल्या, "सवय झाली. आणि तो अगदीच गप्प नसतो. बघ हं."

त्यांनी जुन्या बटणाच्या फोनवरून आतल्या खोलीत साहेबांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पोलिशमध्ये काहीतरी विचारलं. पलीकडून आवाज आला, टक. साहेबांनी बोटातली लग्नाची अंगठी फोनवर आपटली होती. बाई म्हणाल्या, एकदा टक म्हणजे हो. दोनदा म्हणजे नाही. "आणि तीनदा?" मी विचारलं. साठीला आलेली बाई, पण मान खाली घालून लाजली. म्हणाली, "तीनदा म्हणजे मी आहे. तुझ्याजवळच आहे." साहेबांना हे कळू देऊ नकोस म्हणाल्या, ते आमचं दोघांचंच आहे. मी म्हटलं, माझ्या पोटात गोष्ट राहत नाही पण ही राहील. तेवढी एक राहिली.

मग तो संधीचा दिवस आला. युरोपातली एक फिरती ऑपेरा कंपनी मनामाच्या मोठ्या थिएटरात खेळ करायला आली होती. तोच ऑपेरा, म्हाताऱ्या सरदाराचा. आणि त्यांचा बॅरिटोन इथे येऊन पोट बिघडून अंथरुणाला खिळला. चर्चमधल्या कुणीतरी सांगितलं, की अमवाजला एक पोलिश माणूस राहतो, त्याला हे काम तोंडपाठ आहे. कंपनीची माणसं घरी आली. साहेबांनी पियानोजवळ उभं राहून चार ओळी म्हटल्या आणि ते लोक एकमेकांकडे बघायला लागले. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. काचेच्या कपाटातले पेले वाजले इतकं मला आठवतं. त्या माणसाचा इतका मोठा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता.

फक्त एकच अडचण होती. हालिनाबाई सलमानिया हॉस्पिटलात ॲडमिट होत्या. चालताना धाप लागते म्हणून दाखवायला गेल्या आणि डॉक्टरांनी तपासण्यांसाठी ठेवून घेतलं. घाबरण्यासारखं काही नाही असंच सगळे म्हणत होते. त्या स्वतः उठून बसत होत्या, पेपर तपासायला मागत होत्या. साहेब म्हणाले, मी गाणार नाही, तुझ्याजवळ थांबतो. तर बाई अशा भडकल्या की नर्स आत आली. म्हणाल्या, "इतकी वर्षं मी त्या मुक्या दिवसांत राहिले ती कशासाठी? तू गा. आणि त्या दिवशी इथे पाऊलसुद्धा टाकू नकोस. इथे सगळे खोकतात." मग मला म्हणाल्या, "रत्ना बसेल माझ्याजवळ." मी बाकीच्या घरांना सुट्टी मागितली आणि बसले.

खेळाच्या दिवशी सकाळी बाई ठीक होत्या. दुपारी चेहरा उतरला. ओठांचा रंग बदलला. नर्स दोनदा येऊन गेली, मग डॉक्टर आले, नाकाला नळी लावली. मी म्हटलं, "मॅडम, साहेबांना कळवते." त्यांनी माझं मनगट धरलं. धरलं म्हणजे चांगलं घट्ट धरलं. "आफ्टर. आफ्टर सिंगिंग." मी म्हटलं, गाणं कुठे पळून जातंय? मग त्यांनी डोळे मिटले नि म्हणाल्या, "बरं, फोन लाव. पण तू काही बोलायचं नाहीस. मीच बोलेन."

फोन त्यांचा नवा होता. एवाने उन्हाळ्यात दोघांनाही पाठवलेले, चांगले महागाचे. मी लावून दिला, स्पीकर चालू केला आणि त्यांच्या उशीवर ठेवला. साहेबांनी लगेच उचलला. बाई पोलिशमध्ये बोलल्या, हळूहळू, मधे श्वास घेत. मला एवढंच कळलं की त्या त्यांना लाडाच्या नावाने हाक मारताहेत. वाल्देक, वाल्देक. मग थांबल्या. माझ्याकडे बघून तीन बोटं वर केली, म्हणजे आता बघ, येईल.

काही आलं नाही.

बाई थांबल्या. फोनकडे बघितलं. "कट झाला?" मी बघितलं, चालू होता, सेकंद पुढे सरकत होते. त्यांनी परत काहीतरी विचारलं. परत शांतता. आतून नुसती पोकळ शांतता. मला वाटलं आता मी तो फोन हिसकावून घेते नि म्हणते, अहो, आग लागो त्या गळ्याला, एक शब्द बोला तुमच्या बायकोशी. मी हात पुढे केलाच, पण बाईंनी आधी बोट ठेवून फोन बंद केला. मग म्हणाल्या, "नो नॉक."

मी म्हटलं, "ऐकू आलं नसेल त्यांना."

"ऐकू आलं असणार," त्या म्हणाल्या. "तो आता आतून सरदार झाला असेल. त्याला मी आठवणार नाही. बरोबर आहे. तसंच हवं." आणि तोंड भिंतीकडे केलं. मी त्यांचे पाय चेपत बसले. गार पडलेले पाय.

संध्याकाळी त्यांचं बिघडत गेलं. डॉक्टरांनी नवऱ्याला बोलवा म्हटलं, पण साहेबांचा फोन मेकअपच्या खोलीत बंद करून ठेवलेला. मी खंडूला लावला. तो साहेबांना थिएटरात सोडून तिथेच थांबला होता. तो धावत मागच्या दाराने आत गेला, तर शेवटचा अंक चालू, साहेब स्टेजवर. पडद्याआड उभ्या असलेल्या बाईने त्याला हाताने अडवलं. इतक्या लोकांसमोर स्टेजवर कसं जायचं? खंडू सांगतो, साहेब बायकोला हाका मारत होते. एकदा वर चढून, एकदा अगदी खाली उतरून, एकच नाव. त्याला भाषा कळत नव्हती, पण नाव आहे हे कळत होतं. त्याच्या खिशात माझा फोन वाजत होता तेव्हा, आणि त्याला तो न उचलताच समजलं.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. साहेब वाकून, हसत, घामाने चिंब पडद्याआड आले आणि समोर खंडूला बघितलं. दिवसभरातला त्यांचा पहिला बोललेला शब्द तो. "हालिना?"

ते सलमानियाला आले तेव्हा दाढी चिकटवलेली, अंगावर तो सरदाराचा झगा, डोळ्यांखाली काळं लावलेलं. वॉर्डमधल्या बाया घाबरून बाजूला झाल्या. ते पलंगाजवळ बसले आणि बोलायला लागले. काय बोलत होते देव जाणे, सगळं पोलिशमध्ये, पण थांबत नव्हते. नर्सने चादर तोंडावर ओढली तरी बोलत होते. तेव्हापासून जे बोलत सुटले ते इथून जाईपर्यंत. आणि गायले मात्र इथे परत कधीच नाहीत. कंपनीवाले दुसऱ्या खेळासाठी विचारायला आले तेव्हा मीच दारातून सांगितलं, "खलास. जाओ."

हालिनाबाईंना पुरायला तिकडे पोलंडला नेलं. महिन्याभराने साहेब एकटेच परतले. एका खाजगी म्युझिक क्लासने त्यांना शिकवायला ठेवलं, व्हिसा दिला, आणि त्यांनी शाळेचा फ्लॅट सोडून त्याच बिल्डिंगमध्ये लहान खोली घेतली. मी जात राहिले. एका दुपारी मी बीट किसत होते आणि ते नेहमीसारखे बोलत होते. बोलता बोलता म्हणाले, "एक गोष्ट बरी झाली, रत्ना. तिने फोन केला तेव्हा मी न बोलता उत्तर दिलं, आमच्या खुणेने. परत विचारलं तेव्हा परत दिलं. तुला नाही कळायचं ते काय. पण तिला कळलं असेल. तेवढं तरी तिच्यापाशी पोचलं."

माझ्या हातातला बीट तसाच राहिला. पाठ त्यांच्याकडे होती म्हणून बरं.

घरी आले ती माझ्या मुलीवर, मनालीवर, येऊन थडकले. म्हटलं, "फोनवर समोरून कुणी टकटक केली तर ऐकू येत नाही असं होतं का?" ती तिच्या मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली, "नॉइज कॅन्सलेशन, आई. न्यू फोन्स कट ऑल दॅट. ओन्ली व्हॉइस गोज थ्रू." फक्त माणसाचा आवाज जातो. बाकी ठकठक, खडखड सगळं तो कचरा समजून टाकून देतो. जुन्या फोनवर इतकी वर्षं पोचत होतं, आणि लेकीने प्रेमाने दोघांना नवे पाठवले, त्यानंतरचं पहिलंच मौन ते. कुणावर चिडायचं तेच कळेना, म्हणून मनालीवरच चिडले, की आईकडे बघून बोलता येत नाही का तुला.

साहेब खोटं बोलत नव्हते. त्यांनी वाजवलं होतं. आणि बाई ते न ऐकता गेल्या. हे दोन्ही ठाऊक असलेली जगात मी एकटी. माझ्यासारख्या बाईच्या पोटात ही गोष्ट कशी राहिली, माझं मलाच माहीत. कितीदा वाटलं, सांगून मोकळी व्हावं. मग त्यांचा चेहरा बघायचे आणि म्हणायचे, सूप घ्या, निवतंय.

क्लासमध्ये त्यांच्याकडे लाईबा नावाची एक मुलगी होती. चांगली गायची, साहेबांना तिचं फार कौतुक. वार्षिक कार्यक्रमाच्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तर ही पोरगी मानेला स्कार्फ गुंडाळून गप्प बसलेली. तिची आई बिल्किस काकुळतीला आलेली, "सकाळपासून बोलत नाही, इंटरनेटवर वाचलं म्हणते." साहेब कधी पोरांवर आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला. सगळा हॉल वळून बघायला लागला. म्हणाले, "बोल. आईशी बोल आधी. काहीही बोल." पोरगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "अम्मी, भूक लगी है." साहेब म्हणाले, "गुड." आणि बाहेर जाऊन गॅलरीत उभे राहिले. त्यानंतर नेमच झाला. कार्यक्रमाआधी प्रत्येक पोराने आईला फोन लावायचा आणि तोंडाने बोलायचं. पालकांना ते विचित्र वाटायचं. मला वाटायचं नाही.

गेल्या मार्चमध्ये त्यांचा क्लास बंद झाला आणि व्हिसाही संपला. एवाने तिकीट पाठवलं. सामान काय, दोन बॅगा. खंडू त्या खाली घेऊन गेला, आणि मी वाटेत खायला म्हणून चपातीचे रोल बांधत होते. साहेब स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते, आणि गप्प होते. मला चैन पडेना. म्हटलं, "साहेब, आज मौन कशाला? आज काय गायचंय?"

ते म्हणाले, "एक विचारू? खरं सांगशील? तू कधी खोटं बोलत नाहीस."

मला कळलं काय येणार ते.

"त्या दुपारी तू तिच्याजवळ होतीस," ते म्हणाले. "तिने फोन ठेवला तेव्हा ती काय म्हणाली? तिला काही ऐकू आलं होतं का? मी रोज स्वतःला सांगतो, आलं होतं. पण आता मी तिच्या गावी जाणार, रोज तिच्या थडग्याच्या दगडापाशी जाऊन बसणार. मला नक्की माहीत पाहिजे."

नो नॉक. हेच ते शब्द होते, माझ्या जिभेच्या टोकावर. आयुष्यभर मनातलं तोंडावर फेकत आले, कुणाची भीड ठेवली नाही, आणि हा माणूस त्याच विश्वासाने माझ्याकडे बघत होता. तोंड उघडलं असतं तर खरंच बाहेर पडलं असतं. मला दुसरं येतच नाही.

म्हणून मी तोंड उघडलं नाही. रोल बाजूला ठेवला, पदराला हात पुसला, आणि बोटातली अंगठी टेबलावर आपटली. टक. टक. टक.

साहेब बघतच राहिले. मी ते कुठून ऐकणार, बाईंच्या फोनवर ऐकल्याखेरीज? त्यांनी तोच अर्थ घेतला. त्यांनी टेबलाच्या त्या जागेवर तळवा ठेवला आणि मान खाली घातली. खांदे हलत होते. खालून खंडूने हॉर्न दिला, "यल्ला, साहेब, उशीर होतोय," तरी ते उठेनात. मग उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काही न बोलता लिफ्टमध्ये शिरले. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांच्या गप्प राहण्याने मला बरं वाटलं.

एवाने कळवलंय, बाबा आता चर्चमध्ये परत गातात. आईच्या दगडापाशी बसतात नि अंगठीने त्यावर टकटक करतात, एवाला काही कळत नाही ते काय. मला कळतं. मी खोटं बोलले असं कुणी म्हणू शकणार नाही, तोंड तर मी उघडलंच नव्हतं. पण भिंतीकडे तोंड करून पडलेल्या हालिनाबाई माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. साहेबांना मी दिलं ते बाईंचं होतं, आणि बाईंना ते मिळालंच नाही. त्या कधी समोर उभ्या राहिल्या तर त्यांना काय सांगू, हे मला अजून सुचलेलं नाही.